बळी कोणी दिला आणि कोणाला?

नाब्लुस शहराला लागून गरिज्जीम नावाचा डोंगर आहे. दर वसंतात एका संध्याकाळी तिथे पांढऱ्या कपड्यांतले पुरुष एका लांब चराभोवती रांगा धरून उभे राहतात, पुढ्यात मेंढे घट्ट धरलेले. सूर्य टेकला की त्यांचा प्रमुख याजक निर्गम ग्रंथाचा बारावा अध्याय म्हणू लागतो. त्यात कापण्याचा शब्द आला की सगळ्या सुऱ्या एकदम फिरतात. एकच जल्लोष होतो, रक्ताचं बोट कपाळांना लागतं. मग उकळतं पाणी ओतून लोकर उतरवायची, मीठ चोळायचं, आख्खा मेंढा लांब दांड्यावर ओवून जमिनीतल्या खोल भट्टीत उभा सोडायचा आणि वरून फांद्या टाकून चिखलाने तोंड लिंपायचं. मध्यरात्रीच्या सुमारास तो बाहेर निघतो आणि बेखमीर भाकरी व कडू भाजीबरोबर घाईघाईने खाल्ला जातो. एकही हाड मोडायचं नाही. उरेल ते जाळून टाकायचं.

हे शोमरोनी लोक. जगभरातले सगळे मोजले तरी हजारही भरत नाहीत. इजिप्तच्या गुलामगिरीतून सुटकेच्या रात्री ज्या घरांच्या चौकटींना कोकराचं रक्त लावलेलं होतं ती घरं ओलांडून मृत्यू पुढे गेला, त्या रात्रीची ही आठवण, म्हणजे वल्हांडण सण. याच डोंगराच्या पायथ्याशी, आजच्या नाब्लुसच्या जागी, इ. स. १०० च्या आसपास जस्टिन नावाचा मुलगा जन्मला. पुढे तो ख्रिस्ती झाला, रोमला गेला आणि धर्मासाठी जिवाला मुकला. त्याने एका ठिकाणी लिहून ठेवलंय, की वल्हांडणाचं कोकरू भाजताना एक सळई शेपटाकडून डोक्यापर्यंत जाते आणि दुसरी पाठीवर आडवी, तिला पुढचे पाय बांधतात; म्हणजे झाला क्रूस! बहुधा लहानपणी गावातच पाहिलेलं असावं. भट्टीतल्या कोकरात ज्याला क्रूस दिसतो त्याच्या डोक्यात काय चाललं असेल, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं.

कारण मुळात जे घडलं त्यात बळी म्हणावं असं काहीच नव्हतं. इ. स. ३० च्या सुमारास रोमन सरकारने यरुशलेमच्या वेशीबाहेर एका माणसाला खिळे ठोकून मारलं. ना वेदी, ना अग्नी, ना याजक. खिळे ठोकणारे शिपाई ड्यूटीवर होते. आपण कुठल्या देवाला काही अर्पण करतोय हे त्यांच्या गावीही नव्हतं. रोमन लोकांच्या लेखी ही गुलामांची आणि बंडखोरांची शिक्षा, भल्या घरात नाव काढू नये अशी. आणि जेमतेम पंचवीस वर्षांत येशूचा प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला पत्र लिहितो तेव्हा येशूला आपलं वल्हांडणाचं कोकरू म्हणतो, तेही जाता जाता. समजावून सांगत बसत नाही. म्हणजे पत्र वाचणाऱ्यांना ते आधीच ठाऊक होतं. एका सरकारी फाशीचा पंचवीस वर्षांत यज्ञ झाला. धर्मांच्या इतिहासात इतकी अचाट उलथापालथ इतक्या थोड्या काळात झाल्याचं दुसरं उदाहरण मला तरी सुचत नाही.

त्या काळच्या यरुशलेमच्या मंदिरात बळी म्हणजे रोजची, हाताने करायची, घाम काढणारी गोष्ट होती. मिश्ना या यहुदी ग्रंथात वल्हांडणाच्या दुपारचं वर्णन आहे. लोकांना तीन पाळ्यांत आत सोडायचं आणि दारं लावायची. याजकांच्या रांगा, काहींच्या हातात चांदीची भांडी, काहींच्या हातात सोन्याची. कोकरू कापलं की रक्त भांड्यात धरायचं, हातोहात पुढे वेदीपर्यंत पोचवायचं, रिकामं भांडं तसंच मागे. या भांड्यांना बूड सपाट नसायचं. मुद्दामच. कोणी भांडं खाली टेकवलं तर रक्त साकळायचं, म्हणून ते टेकवताच येऊ नये अशी घडण! वेदीच्या कोपऱ्यातल्या भोकांतून रक्त खाली किद्रोनच्या ओढ्याला मिळायचं आणि बागवाल्यांना खत म्हणून विकलं जायचं.

आपल्याला वाटतं तसा या सगळ्याचा अर्थ ‘देव रागावलाय, त्याला रक्त पाजा’ असा नव्हता. लेवीय ग्रंथाच्या हिशेबात रक्त म्हणजे जीव, आणि जीव देवाचा. माणसाच्या पापाची घाण जणू मंदिरावर बसते आणि रक्ताने ती धुऊन निघते, असा त्या विधींचा उलगडा जेकब मिल्ग्रोम या यहुदी अभ्यासकाने केला आहे. मलाही तोच पटतो. गरिबाला तर रक्ताचीही सक्ती नव्हती. कोकरू परवडत नसेल तर पारव्यांची दोन पिल्लं, तीही नसतील तर थोडं सपीठ. लूकच्या शुभवर्तमानात मरिया आणि योसेफ बाळाला घेऊन मंदिरात जातात आणि अर्पण म्हणून पाखरांची जोडी द्यायची म्हणतात. त्यांची ऐपत तेवढीच होती हे वाचणाऱ्याने ओळखायचं.

वर्षातून एकदा प्रायश्चित्ताचा दिवस यायचा. दोन बकरे, दोघांवर चिठ्ठ्या. एक परमेश्वराचा, तो कापायचा. दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रमुख याजकाने साऱ्या प्रजेची पापं उच्चारायची आणि त्याला रानात हाकलायचं. नीट पाहा: मूळ ग्रंथात ज्याच्यावर पापं लादली तो मारला जात नाही, आणि जो मारला जातो त्याच्यावर कोणी पापं लादत नाही. मेलेल्या बकऱ्याचं रक्त घेऊन प्रमुख याजक एकटा पडद्याआड, परमपवित्रस्थानात शिरायचा. तिथे एके काळी कराराचा कोश होता. बाबेलच्या स्वारीनंतर तो गेला तो गेलाच. इ. स. पू. ६३ मध्ये पाँपी हा रोमन सेनापती धिटाईने आत घुसला, तेव्हा त्याला आत देवाची मूर्ती कुठेच दिसली नाही, असं टॅसिटस लिहितो. येशूच्या काळातही रक्त शिंपडलं जायचं ते एका रिकाम्या खोलीत.

येशूच्या अनुयायांनी हे सगळे धागे एकत्र वळले. वल्हांडणाच्या कोकराचा पापाशी खरं तर संबंध नाही, ते सुटकेचं. पाप वाहणारा तो बकरा. निमूटपणे कापायला नेल्या जाणाऱ्या कोकरासारखा, दुसऱ्यांच्या अपराधांपायी चिरडलेला सेवक यशयाच्या ग्रंथात भेटतो. यहुदी परंपरेत पुष्कळ जण तो सेवक म्हणजे सारी इस्राएल जमात असं वाचतात. प्रेषितांच्या पुस्तकात एक इथिओपियाचा दरबारी रथात बसून हाच उतारा मोठ्याने वाचतोय आणि भेटलेल्या फिलिपाला विचारतोय, की संदेष्टा हे कोणाबद्दल बोलतोय? रथात शेजारी बसलेला फिलिप येशूचं नाव सांगतो. पहिल्या ख्रिस्ती माणसांचं बरंचसं धर्मशास्त्र असंच वाटेत, जुनी पोथी मांडीवर उघडी ठेवून घडलेलं दिसतं.

यात सर्वांत धाडसी योहान. मत्तय, मार्क, लूक या तिघांच्या सांगण्यानुसार येशूचं शेवटचं जेवण हेच वल्हांडणाचं जेवण. तो दुसऱ्या दिवशी मेला. गंमत अशी, की त्या पंगतीच्या वर्णनात भाकर आहे, द्राक्षारस आहे, पण कोकराच्या मांसाचा उल्लेख नाही. योहान अख्खी तारीख एक दिवस अलीकडे आणतो. त्याच्याकडे रोमन सुभेदार पिलात निकाल देतो तो वल्हांडणाच्या तयारीच्या दिवशी, भर दुपारी. म्हणजे तिकडे मंदिरात पहिल्या पाळीचे लोक कोकरं घेऊन दारापाशी जमत असतील, तेव्हा इकडे येशूला वेशीबाहेर नेतायत. मरताना त्याला आंब दिली जाते. इतर दोन शुभवर्तमानांत ती बोरूवरून, योहानाकडे एजोबाच्या काडीवरून. इजिप्तमध्ये चौकटीला रक्त लावलं होतं ते एजोबाच्या जुडीनेच. मग शिपाई येतात, लवकर मरण यावं म्हणून शेजारच्या दोघांचे पाय मोडतात, येशूचे मोडत नाहीत. एकही हाड मोडायचं नाही! इतिहासकारांचा या एका दिवसाच्या फरकावरून वाद चालूच आहे. योहानाला त्याची फिकीर नसावी. त्याच्या गोष्टीत पंगतीला कोकरू लागतच नाही, कारण कोकरू उद्या दुपारी मरणार आहे.

नव्या करारात इब्री लोकांस म्हणून एक पत्र आहे. लिहिणारा कोण हे तिसऱ्या शतकातल्या ओरिगेनलाही सांगता आलं नव्हतं, पण गडी वकिली डोक्याचा. त्याचा युक्तिवाद असा: बळी खरोखर लागू पडत असता तर दर वर्षी पुन्हा का द्यावा लागला असता? आणि मग तो असं काही बोट ठेवतो की वाचणारा चमकतो. मंदिरातला याजक रोज उभ्याने सेवा करतो. ख्रिस्त एकदाच स्वतःला अर्पून बसला. देवाच्या निवासमंडपाचं सामान निर्गम ग्रंथात पानंच्या पानं मोजलेलं आहे: मेज, दीपवृक्ष, धूपवेदी, पडदे, आकड्या. बसायला काही नाही. याजकाचं काम संपतच नव्हतं, बसणार कधी?

याच पत्रात आणखी एक उलटापालट आहे. याजक आणि पशू एकच. देणाराही तोच, दिला जाणाराही तोच. देवाला माणसाने काही द्यायचं ही साऱ्या जगाची रीत. इथे देवानेच पदरचं काढून माणसासाठी दिलं. इ. स. ७० मध्ये रोमन सेनापती तितसच्या फौजांनी मंदिर जाळलं आणि यहुदी बळी कायमचे थांबले. यहुदी धर्म प्रार्थनेवर, अभ्यासावर, दानधर्मावर उभा राहिला. ख्रिस्ती लोक म्हणाले, आमचा बळी आधीच होऊन गेला. दोन्ही घरांतून सुरी गेली, पण यज्ञाची भाषा राहिली.

आता मला सर्वांत नवल वाटतं ते सांगतो. येशू देव की माणूस यावरून चर्च चार-पाच शतकं भांडलं. निकिया ३२५, कॉन्स्टँटिनोपल ३८१, खाल्किदोन ४५१ अशा मोठमोठ्या परिषदा भरल्या, एकेका अक्षरावरून बिशप हद्दपार झाले. पण ‘या मरणाने तारण होतं ते नेमकं कसं?’ याचं एकच अधिकृत उत्तर त्यांनी कधी दिलं नाही. रोज म्हटल्या जाणाऱ्या श्रद्धासूत्रात एवढंच येतं, की ते आपल्यासाठी झालं आणि पंतय पिलाताच्या अमलात झालं. यंत्रणा गाळलेली. रोमन सुभेदाराचं नाव मात्र आठवणीने घेतलेलं!

मग ज्याने त्याने आपल्या काळाच्या साधनांनी ती यंत्रणा जोडायचा प्रयत्न केला. शुभवर्तमानात ‘खंडणी’ असा शब्द येतो. खंडणी म्हटलं की दुसरा प्रश्न आलाच: भरली कोणाला? ओरिगेन म्हणाला, सैतानाला. माणूस त्याच्या ताब्यात होता ना. चौथ्या शतकात निस्साच्या ग्रेगरीने त्यावर गळाची उपमा रचली: ख्रिस्ताचं माणूसपण हे आमिष, आत दडलेलं देवपण हा गळ, आणि सैतान अधाशासारखा गिळायला गेला. त्याचाच मित्र, नाझियान्झसचा ग्रेगरी, हे ऐकून वैतागला असावा. लुटारूला खंडणी, आणि तीही खुद्द देवाच्या रूपात? छे! पण मग बापाला म्हणावं तर बापाने आपल्याला कुठे बांधून ठेवलं होतं? असे दोन्ही दरवाजे लावून तो गृहस्थ पुढे निघून गेला. मला हा दुसरा ग्रेगरी आवडतो.

अकराव्या शतकात अन्सेल्मने सैतानाचा काटाच काढला. आल्प्समधल्या आओस्ताचा हा मठवासी कँटरबरीचा आर्चबिशप झाला, राजाशी बिनसलं, इटलीत परागंदा झाला आणि तिथे १०९८ साली त्याने ‘देव माणूस का झाला’ हा ग्रंथ पुरा केला. सगळा ग्रंथ म्हणजे त्याचा आणि बोसो नावाच्या शिष्याचा संवाद. बोसो पश्चात्तापाने भागेल असं सुचवतो, तेव्हा अन्सेल्म त्याला एक कोडं घालतो. समज, तू देवासमोर उभा आहेस. कोणी म्हणालं, तिकडे बघ. देव म्हणाला, बघू नकोस. बघितलं नाहीस तर सारं विश्व नष्ट होणार आहे. बघशील? एक नुसता कटाक्ष! बोसो घुटमळतो, आणि शेवटी कबूल करतो की नाही बघता येणार. म्हणजे देवाचा एवढासा अवमानही विश्वापेक्षा जड. असं ऋण माणसानेच फेडायला हवं कारण घेतलंय त्याने, पण फेडण्याची ताकद देवाशिवाय कोणात नाही. तेव्हा फेडणारा देवही हवा आणि माणूसही. सरदार, मान, मानभंग, भरपाई हा सगळा सरंजामी युरोपचा व्यवहार त्यात उतरलाय हे उघड आहे. तरी युक्तिवादाची घट्ट वीण पाहून दाद द्यावीशी वाटते.

पुढच्या पिढीतला आबेलार म्हणाला, हिशेब कसले करता, ते प्रेम पाहून माणसाचं मन पालटतं, तेच तारण. चार शतकांनी कॅल्व्हिन आला. तो कायदा शिकलेला, म्हणून त्याच्याकडे दरबाराच्या जागी कोर्ट. अन्सेल्मच्या मते भरपाई झाली म्हणून शिक्षा टळते; कॅल्व्हिनच्या मते शिक्षा टळत नाही, ती दुसऱ्याने भोगली. हा फरक मोठा आहे आणि आजही प्रवचनांत सर्रास पुसला जातो. पूर्वेकडच्या चर्चना हे सारं जमाखर्चासारखं वाटतं. त्यांच्याकडे ख्रिस्त मरणात शिरला आणि त्याने मरणाला आतून फोडलं. ईस्टरच्या रात्री ते त्याचाच जयजयकार करतात.

सर्वांत बोचरा आक्षेप फाउस्तो सोचिनी या इटालियन विचारवंताचा, १५९४ साली छापलेल्या त्याच्या पुस्तकातला. वाण्याने उधारी माफ केली, की कोणीतरी ती चुकती केली? दोन्ही एकदम कसं? चुकती झाली असेल तर माफी कसली, आणि माफ केली असेल तर वसुली कशाला? शिवाय पैसे दुसऱ्याने भरले तर चालतं, फाशी दुसऱ्याने घेतली तर न्याय कसा होतो? याला उत्तरं पुष्कळ दिली गेली. त्यातल्या त्यात वजनदार उत्तर हे, की इथे घेणेकरी आणि भरणारा वेगळे नाहीतच. माफ करणाऱ्याला तोटा स्वतःच सोसावा लागतो. तरी प्रश्नाची धार काही बोथट होत नाही.

पंडित भांडत होते तेव्हा चित्रकार आणि गाणारे कोकराला सोडायला तयार नव्हते. ६९२ साली कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने फर्मान काढलं: ख्रिस्त कोकराच्या रूपात रंगवणं बंद, माणूस म्हणूनच दाखवा, खरी गोष्ट आल्यावर सावली कशाला? रोमचा पोप सर्जियस याने त्या ठरावांवर सही करायला नकार दिला. एवढंच नाही, मिस्सामध्ये भाकर मोडताना देवाच्या कोकराला उद्देशून गायची प्रार्थना त्यानेच सुरू केली असं पोपांच्या जुन्या चरित्रग्रंथात नोंदलंय. तिने पुढे बाखपर्यंत शेकडो संगीतकारांना कामाला लावलं. घेंटच्या कॅथेड्रलमधल्या व्हॅन आइक बंधूंच्या १४३२ सालच्या वेदीचित्रात कोकरू वेदीवर ताठ उभं आहे आणि छातीतून रक्ताची धार सोन्याच्या पेल्यात पडते आहे. १५५० साली कोणी त्याच्या तोंडावर नवा रंग चढवून त्याला साधंसुधं मेंढरू करून टाकलं होतं. अलीकडे तो थर काढला, तर खालून थेट आपल्याकडे रोखलेले, जवळजवळ माणसाचे डोळे निघाले. २०२० मध्ये इंटरनेटवर लोक त्या चेहऱ्यावर खूप हसले. चित्रकाराला मात्र तसेच डोळे हवे होते.

हीच कथा आपल्या भाषेतही आली, आणि ओवीतून आली. १५७९ साली गोव्यात उतरलेला इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स याने रायतूरला १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ छापलं. त्याने थेट क्रूसापासून सुरुवात केली नाही. आधी पहिलं पुराण, जगाच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची सगळी गोष्ट. येशू त्यानंतर, दुसऱ्या पुराणात. वल्हांडण ठाऊक नसलेल्या माणसाला कोकरू कळणार नाही, हे त्या कथेकऱ्याला चांगलं उमगलेलं होतं.

राहिला शीर्षकातला प्रश्न. ग्रीक चर्चमध्ये उपासनेआधी याजक एका बाजूच्या मेजावर गोल खमिराची भाकर घेतो. तिच्यावर ख्रिस्ताच्या विजयाची अक्षरं उमटवलेली असतात. छोट्याशा भाल्याच्या आकाराच्या सुरीने तो त्या अक्षरांचा चौकोन चारी बाजूंनी कापतो, यशयाची ती कोकराची वचनं पुटपुटत. चौकोन उचलून पालथा ठेवतो, खालून क्रूसासारखी चीर देतो, उलटा करून कुशीत भाला टोचतो. या तुकड्याचं नाव कोकरू. पुढच्या एका प्रार्थनेत याजक ख्रिस्ताला देणारा म्हणतो, दिला जाणारा म्हणतो आणि स्वीकारणाराही म्हणतो.

बाराव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलमध्ये याच शब्दांवरून रण माजलं. सोतेरिखोस पांतेउगेनोस नावाचा विद्वान म्हणाला, बळी दिला गेला फक्त बापाला. पुत्रच देणार आणि पुत्रच घेणार असं म्हटलं तर एका पुत्राचे दोन होतील. तर्क मोठा बिनतोड वाटतो. सोतेरिखोस काही सामान्य माणूस नव्हता, अंत्युखियाच्या कुलपितापदासाठी त्याची निवड झालेली होती. ११५७ च्या मे महिन्यात ब्लाखेर्नेच्या राजवाड्यात सम्राट मानुएल कोम्निनोसच्या समक्ष सभा बसली आणि निकाल लागला: बळी बापाला, पुत्राला आणि पवित्र आत्म्यालाही, पुत्राने स्वतःला स्वतःच स्वीकारलं. सोतेरिखोसचं पद गेलं. त्याच्या मताचा निषेध त्या यादीत चढला, जी ग्रीक चर्चमध्ये ईस्टरआधीच्या उपासकाळाच्या पहिल्या रविवारी जाहीर वाचायची प्रथा होती.